गुडघ्यांपुढची टाकी

फ्लाइंग क्लबच्या हँगरमध्ये जुन्या, दोन आसनी विमानाची पेट्रोलची टाकी काढून लाकडी घोडीवर ठेवली होती. या विमानात ती इंजिनाच्या मागे, वैमानिकाच्या गुडघ्यांच्या पुढे असते. तिच्या सांध्याला नुकतंच वेल्डिंग झालं होतं. मेकॅनिक साळवींनी सायकलच्या पंपाने टाकीत थोडी हवा भरली आणि सांध्यावर ब्रशने साबणाचा फेस लावला. गळती असेल तिथे बुडबुडा येतो.

दुरुस्तीनंतरच्या पहिल्या उड्डाणात दुरुस्त करणाऱ्याने मागच्या आसनावर बसायचं, अशी या क्लबची रीत आहे. विमान चालवणार होत्या प्रशिक्षक बर्वेबाई.

"उद्या घरी सांगून या हो," त्या म्हणाल्या.

"सांगितलं तर बायको सोडायची नाही," साळवी म्हणाले.

दोघांची नजर फेसावरून हलत नव्हती. बुडबुडा येत नव्हता. गळती दिसली तर ती बुजवता येते. काहीच दिसलं नाही, तर टाकी चांगली आहे की आपली नजर कमी पडली, हे वर गेल्यावरच कळतं.

मग खालच्या कोपऱ्यात, वेल्डिंगपासून बऱ्याच अंतरावर, जिथे फेस ओघळून साचला होता, तिथे वाटाण्याएवढा बुडबुडा फुगला.

"सापडला!" बर्वेबाई हसल्या. "सुटलो."

साळवींनी तिथे खडूने खूण केली. ते हसले नाहीत. "बाई, हा पत्रा धड आहे असं मी धरून चाललो होतो," ते म्हणाले आणि टाकी उलटी करून प्रत्येक बाजूला फेस लावू लागले.

बर्वेबाईंनी दुसरा ब्रश उचलला.