मामांनी तपासलेला ब्राउझर

या जगात जे जे म्हणून तयार होतं, ते बाजारात सोडण्यापूर्वी एकदा माझ्या बायकोच्या मामांना दाखवून घ्यायला हवं होतं आणि ते न केल्यामुळेच जगाची ही अवस्था झाली आहे. हे माझं मत नाही, मामांचं आहे. पण पंधरा-वीस वर्षं त्यांच्या सहवासात काढल्यावर माझंही जवळजवळ तसंच झालंय. मामा माजिवड्याच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं तपासणी खात्यात होते. कारखान्यात विजेची बटणं तयार व्हायची. टेबलावर ढिगाने आलेल्या बटणांतलं एकेक उचलून मामा खटखट करून बघायचे आणि संतापायचे. निवृत्तीनंतर बटणं गेली, संताप तेवढा घरी आला.

कुठलीही वस्तू एकटी घरात घ्यायची नाही, हा त्यांचा नियम. तिच्याबरोबर तिची प्रतिस्पर्धी वस्तू आलीच पाहिजे. छत्री घ्यायची तर दोन कंपन्यांच्या दोन आणायच्या, दोन्ही उघडून मोरीत उभं राहायचं आणि मामींनी स्टुलावर चढून वरून तांब्याने पाणी ओतायचं. बादली संपली की मामी शांतपणे विचारायच्या, "अहो, आता भाजी फोडणीला टाकू का?" एकदा महिनाभर त्यांनी डाव्या बाजूचे दात एका टूथपेस्टने आणि उजव्या बाजूचे दुसरीने घासले, मग दाताच्या डॉक्टरकडे जाऊन जबडा उघडून म्हणाले, "सांगा, कुठली बाजू सरस?" डॉक्टर म्हणाले, "दोन्हीकडे एकेक दाढ किडली आहे." मामा त्या डॉक्टरवर जे उखडले ते कायमचेच. आमच्या लग्नातही, अंतरपाट धरलेला, अक्षता हातात, मंगलाष्टकं संपत आलेली, अशा वेळी मामांनी पुढे येऊन दोन्ही मनगटं गुरुजींच्या नाकापुढे धरली. दोन्हींवर घड्याळं होती आणि दोघांत चार मिनिटांचा फरक होता. "मुहूर्त यातल्या कुठल्या घड्याळाचा आहे ते आधी सांगा!" गुरुजी डोंबिवलीतले मुरलेले. ते म्हणाले, "हॉलच्या," आणि अंतरपाट ओढला. त्या हॉलचं घड्याळ बंद होतं, हे मामा मला शेवटपर्यंत ऐकवायचे. माझा संसार नीट चालला याचं त्यांना थोडं आश्चर्यच वाटत असावं.

या सगळ्या संतापात एकच जागा अशी होती, जिथे मामा गप्प असायचे. ती म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा. मुलाने कॉम्प्युटरचं शिक्षण घेतलं तेव्हा मामांनी आपल्याच कारखान्यात साहेबांना सांगून त्याच्यासाठी जागा धरून ठेवली होती. मुलाखतीच्या दिवशी मुलगा गेलाच नाही. तो अमेरिकेच्या व्हिसाच्या रांगेत उभा होता. मामांना ते संध्याकाळी कळलं. आश्चर्य म्हणजे ते ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, "साहेबांना मी शब्द दिला होता." विमानतळावरही गेले नाहीत. त्यानंतर चार वर्षं मुलाचा फोन आला की मामा रिसीव्हर उचलायचे, "बरा आहेस ना? आईला देतो," एवढं बोलायचे आणि खिडकीशी जाऊन रस्त्यावरच्या रिक्षावाल्यांच्या पार्किंगवर रागवायला लागायचे.

अठ्ठ्याण्णव साल असेल. एक दिवस अमेरिकेहून जाड पुठ्ठ्याचं पाकीट आलं. आत एक सीडी आणि चार ओळींची चिठ्ठी होती. मुलगा एका लहानशा कंपनीत होता, वीसेक माणसांच्या. त्यांनी इंटरनेट बघायचा नवा ब्राउझर तयार केला होता. चिठ्ठीत लिहिलं होतं, "बाबा, बाजारात दोन मोठे ब्राउझर आहेत. हा आमचा तिसरा. तुम्ही तपासून बघाल का?"

मामांनी चिठ्ठी दोनदा वाचली, घडी करून चष्म्याच्या घरात ठेवली आणि मला फोन केला. "जावईबापू, ब्राउझर म्हणजे काय ते मला दहा मिनिटांत समजावून सांगा. आणि उद्यापासून रोज सकाळी दहाला मोकळे राहा." मी म्हटलं, "मामा, मला ऑफिस आहे." मामा म्हणाले, "मग रविवारी. पण सगळे रविवार."

तेव्हा डोंबिवली पश्चिमेला, कोपरच्या बाजूला, वंदनाताईंचं सायबर कॅफे नवीनच निघालं होतं. वंदनाताई तिथल्याच गावच्या आगरी. आधी एसटीडी बूथ चालवायच्या, मग फोनच्या काचेच्या खोल्या काढून तिथे तीन कॉम्प्युटर बसवले. मामा पहिल्या दिवशी कारखान्यातलं स्टॉपवॉच, फूटपट्टी, भिंग आणि एक लांबडी वही घेऊन तिथे हजर झाले. पहिल्या मशीनवर त्यांनी निळ्या अक्षराच्या चित्राचा ब्राउझर ठेवला, दुसऱ्यावर जहाजाच्या चाकाच्या चित्राचा आणि तिसऱ्यावर सीडीतून मुलाचा चढवून घेतला. त्यांना नावं आवडत नसत, म्हणून शेवटपर्यंत ते त्यांना 'निळा', 'चाकवाला' आणि 'तिसरा' असंच म्हणत आले. तिन्हीकडे एकाच वेळी एकच पान उघडायचं, अशी त्यांची पद्धत. म्हणून निळ्यावर ते स्वतः, चाकवाल्यावर मी आणि तिसऱ्यावर मामी. "तीन, दोन, एक, दाबा!" असं मामा ओरडले की तिघांनी एकदम बटण दाबायचं.

वंदनाताई कमरेवर हात ठेवून बघत होत्या. "काका, एका घरच्या मानसांनी तिन्ही खुर्च्या अडवल्यात. बाकीच्यांनी काय उभ्याने इंटरनेट बघायचं?"

"ताई, ही तपासणी आहे," मामा म्हणाले. "तपासणीच्या वेळी गिऱ्हाईक बाहेर थांबतं!"

त्या काळी एक पान उघडायला मिनिटं लागायची. फोटो तर वरून खाली एकेक रेघ करत यायचा. आमची पहिली चाचणी एका बागेच्या फोटोची होती. चाकवाल्यावर आभाळ येतंय न येतंय तोच मामी आनंदाने म्हणाल्या, "आलं हो आलं! माझं आलं!"

मामा उठून तिसऱ्या मशीनपाशी गेले. पडद्यावर दोन फांद्या दिसत होत्या. "हे आलं? बाग कुठाय?"

"झाडं दिसली ना? खाली गवतच असणार."

"अगं, पूर्ण दिसेपर्यंत थांबायचं असतं! हा सरळसरळ पक्षपात आहे!"

"आहेच मुळी," मामी म्हणाल्या. "माझ्या मुलाने केलंय ते." पुढच्या चाचणीपासून मामांनी मामींना निळ्यावर बसवलं आणि तिसरा स्वतःकडे घेतला. मग मामी मुद्दाम उशिरा "आलं" म्हणू लागल्या.

सहा रविवार असे गेले. मामांना तिघांचाही मनापासून राग आला, हे मी त्यांच्या न्यायबुद्धीच्या बाजूने सांगतो. निळा ब्राउझर मधेच गोठायचा आणि वर इंग्रजीत सूचना दाखवायचा की बेकायदा कृती झाली आहे. मामा ताडकन उभे राहिले. "मी? बेकायदा? एकतीस वर्षं मी कारखान्यातली पेन्सिलसुद्धा घरी आणलेली नाही!" चाकवाल्यावर चाक असून तो सर्वांत सावकाश, हे त्यांना फसवणुकीसारखं वाटायचं. पण खरा भडका उडाला तो तिसऱ्यावर. मुंबईच्या एका मराठी वर्तमानपत्राने तेव्हा नुकतंच इंटरनेटवर पान सुरू केलं होतं. त्याचा मराठी फाँट आधी मशीनवर चढवावा लागायचा, आणि मग बाकीच्या दोघांवर मजकूर बरा दिसायचा. तिसऱ्यावर मात्र सगळ्या मात्रा आणि वेलांट्या अक्षराच्या डोक्यावर बसायच्या सोडून शेजारी सुट्या उभ्या राहायच्या. मामांनी भिंगातून ते पाहिलं आणि त्यांचा आवाज चिरका झाला. "वेलांटी काय छत्री आहे, बाजूला टेकवून ठेवायला? स्वतःच्या आईची भाषा, आणि तीच अशी रस्त्यावर सांडून ठेवलीय! वंदनाताई, या इकडे, बघा हे!"

वंदनाताई आल्या, वाकून बघितलं. "काका, वाचता येतंय ना? मग चालवून घ्या की."

"चालवून घ्या!" मामा माझ्याकडे वळून म्हणाले. "या दोन शब्दांनी आपल्या देशाचं वाटोळं केलंय."

घरी जाऊन त्यांनी टाइपरायटर काढला आणि मुलाला नऊ पानी अहवाल पाठवला. कार्बन घालून, दोन प्रतींत. त्यात एकेचाळीस दोष होते. वेलांट्यांचा क्रमांक सतरा. मामींनी विनवलं, "शेवटी एक ओळ चांगली लिहा हो. छान केलंयस, एवढंच." मामा म्हणाले, "अहवालात छान हा रकाना नसतो." मामी त्या दिवशी जेवल्या नाहीत. मलाही, खरं सांगतो, मामांचा राग आला होता. चार वर्षांनी मुलाने स्वतःहून हात पुढे केलेला, आणि यांनी त्या हातावर एकेचाळीस दोष ठेवले.

अहवालाखाली त्यांनी कॅफेचा मेलचा पत्ता दिला होता. तीन आठवडे उत्तर नाही. मामा रोज वंदनाताईंकडे जाऊन मेल उघडायला लावायचे आणि पोस्टखात्यावर रागवायचे. चौथ्या आठवड्यात उत्तर आलं, इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी. "बाबा, यादी मिळाली. ऑफिसात सगळ्यांना वाचून दाखवली. यातले बावीस दोष आम्हाला माहीत होते. सतरा नंबर माहीत नव्हता. तो मी स्वतः घेतो."

"माहीत होते?" मामा कडाडले. "माहीत होते तर माल बाहेर सोडलाच कसा?" आणि तिथेच बसून, दोन बोटांनी, त्यांनी मुलाला आयुष्यातली पहिली मेल लिहिली. ती अर्थातच संतापाची होती. मुलानेही उलट लिहिलं. यांनी पुन्हा लिहिलं. दोघं आठवड्यातून तीनदा कडाक्याने भांडू लागले. मी एकदा मामींना म्हटलं, "मामी, हे फारच ताणलंय." मामी पदराने डोळे पुसत हसल्या. "ताणू दे रे. चार वर्षांत माझ्या घरात एवढं बोलणं झालं नव्हतं."

फेब्रुवारीत नवी सीडी आली. मामा ती घेऊन एकटेच कॅफेत गेले, माझ्यासाठी रविवारपर्यंत थांबायचंही त्यांना सुचलं नाही. वंदनाताईंनी नंतर सांगितलं, "काका आले, पेपर उघडला, आनि नुसतं बघत बसले. भिंग बी नाय काढलं. मला वाटलं तब्येत बिघडली." सगळ्या वेलांट्या जागेवर बसल्या होत्या.

आणि त्यानंतर चार महिन्यांनी ती कंपनी बंद पडली. निळा प्रत्येक नव्या कॉम्प्युटरबरोबर आपोआप येत होता. तिसरा कशाला कोण मुद्दाम आणून बसवणार? मुलाने दोन ओळींत कळवलं. मामांचा मी पाहिलेला सर्वांत मोठा संताप तो. "आयता मिळतो म्हणून? न तपासता? अहो, लोकांनी दोन्ही शेजारी ठेवून बघितलेच नाहीत!" ते सीडी पिशवीत घालून निघाले. वाचनालयात गेले, कॉम्प्युटरच्या क्लासेसमध्ये गेले, विठ्ठलवाडीला कोणा ओळखीच्याच्या नव्या ऑफिसात गेले. सगळीकडे त्यांनी मराठी पान उघडून दाखवलं. लोक चहा द्यायचे, "वा काका" म्हणायचे आणि ते गेल्यावर काढून टाकायचे. फक्त वंदनाताईंनी तिसऱ्या मशीनवर तो ठेवला. "माझी काय जागा अडवतंय? राहू द्या," एवढंच म्हणाल्या.

डिसेंबरात मुलगा आला, नवी नोकरी लागायच्या आधी तीन आठवड्यांसाठी. बारीक झाला होता. दुसऱ्याच सकाळी मामा त्याला म्हणाले, "चल," आणि आम्ही तिघे कॅफेत गेलो. मामांनी त्याला तिसऱ्या मशीनपुढे बसवलं. आपलंच काम असं डोंबिवलीत उघडलेलं बघून त्याने माउस धरून पान एकदा वरपासून खालपर्यंत सरकवलं. मग म्हणाला, "बाबा, काढून टाका आता. नवी पानं यात उघडणार नाहीत. पुढे कोणी बघणार नाही याच्याकडे."

"मी बघतोय ना," मामा म्हणाले.

मुलाने खुर्ची वळवली. "एक विचारू? यादीत नव्हतं म्हणून विचारतो. एकूण कसा होता?"

मामांनी खिशातून रुमाल काढला आणि मॉनिटरची काच पुसायला घेतली, ती स्वच्छच होती. "तिघांत तुझा बरा होता," ते म्हणाले. "त्या वेळीच लिहायला हवं होतं मी. चूक झाली माझी." इतक्या वर्षांत मामांनी स्वतःची चूक काढलेली मी पहिल्यांदाच ऐकत होतो. मुलाने मान खाली घातली. तेवढ्यात वंदनाताईंनी विचारलं, "काका, हा कोन?" आणि मामा एकदम ताठ होऊन, सबंध कॅफेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ज्याने केला तो!"

मामांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. मुलगा तिकडेच आहे, मामी त्याच्याकडे असतात. हल्ली माझ्या फोनवर मराठी इतकं सुरेख उमटतं की कोणीतरी, कुठेतरी त्यासाठी कोणाशी तरी भांडलं असेल, हे मनातही येत नाही. काही नवं घेतलं की आधी बारीक अक्षरांची लांबलचक पानं येतात आणि तळाशी 'मान्य आहे' असं बटण असतं. मी ते वाचत नाही. कोणीच वाचत नाही. अंगठा जातो आणि दाबून मोकळा होतो. पण परवा दाबता दाबता क्षणभर थांबलो. मामा इथे असते तर त्यांनी खुर्ची ओढून, भिंग लावून, पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं असतं आणि दुसऱ्याच ओळीला कडाडले असते, "मान्य? कोणाला विचारून?" मी थोडा वेळ वाट बघितली. घरात फारच शांत होतं. मग दाबलं.