खालांचं गाणं आणि माझी बंगाली मैत्रीण

इंग्लंडमध्ये मिल्टन कीन्सला आमच्या शेजारी बांगलादेशातल्या सिल्हेटहून आलेल्या एक खाला, म्हणजे मावशी, राहायच्या. मुलीचं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी मला धामाइलला बोलावलं. धामाइल म्हणजे बायका फेर धरून टाळ्या वाजवत गातात ते. शब्द कळावेत म्हणून मी ऑफिसमधल्या कोलकात्याच्या मैत्रिणीला सोबत नेलं. कुठून ही बुद्धी झाली मला!

सोफे भिंतीला लावून बायका फेर धरू लागल्या. खालांनी गाणं उचललं. आवाज जाडसर, पण सूर पक्का. दुसऱ्या ओळीलाच माझी मैत्रीण म्हणाली, "'फानि' नाही हो, 'पानी'. खरं तर 'जल' म्हणायला हवं."

खाला हसल्या, पुढे गाऊ लागल्या. हिने पुन्हा टोकलं. तिसऱ्यांदा टोकलं तेव्हा टाळ्या थांबल्या.

मी तिला ओढत किचनमध्ये नेलं. "तू गप्प बसणार आहेस का?"

"अगं, पण हे ग्रामरमध्ये बसतच नाही. ही प्रॉपर बांगला नाहीये!"

"लग्नात बसतंय ना? मग झालं!"

माझा आवाज चढला होता. मी वेंगुर्ल्याची. पुण्यात कॉलेजला असताना 'खंय चललंस' म्हटलं की मुली फिदीफिदी हसायच्या. चार महिन्यांत मी मालवणी बोलणंच सोडलं. ते हिला सांगावंसं वाटलं, पण ती "मी फक्त हेल्प करत होते" हेच धरून बसली होती.

बाहेर आलो तर खाला म्हणाल्या, घसा बसलाय. कुणीतरी सिनेमातल्या गाण्यांची सीडी लावली. घरी जाताना कारमध्ये मैत्रीण विचारते कशी, "त्यांना राग आला का गं?" मी रेडिओचा आवाज वाढवला.

चार दिवसांनी खाला कुंपणापाशी आल्या. त्यांच्या मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाल्या, "आज परत गाणार आहोत. तुम्ही या. एकट्याच या."

मी गेले. त्या दिवशी अर्थ विचारायचाच नाही असं ठरवलं होतं. खालांनी हाताला धरून मला फेरात ओढलं आणि गाणं सुरू केलं. माझी टाळी सारखी चुकत होती, आणि प्रत्येक वेळी खाला गाता गाताच मला सिल्हेटीत रागवत होत्या.