पोराची भाषा मी सांगतली

आमच्या गावातून पोराले हायस्कुलात घालनारा पयला मानूस मीच. म्हंजे पोट्टं पुढं चाले अन् मी त्याच्या मांगं; वाशीमची शाळा कोन्या गल्लीत हाये, हे त्यालेच ठाऊक होतं.

तीन कोसाची वाट. वाटंनं तो तीन खेपा बोलला, "बाबा, कोनती भाषा शिकाची इचारतीन तं संस्कृत सांगजा. इसरसान तं नाई?"

"इसराले डोक्यात आंधी काई असा लागते, बापू," मी म्हनलं. तो हसला नाई.

त्याले संस्कृत कायले पाह्यजे होतं, ते सांगतो. लहानपनापासून त्याले वावराच्या धुऱ्यावरच्या औषधी पाल्याचा नाद. अडुळसा, शतावरी, गुळवेल, सारं वळखे, अन् टोपली भरून अनसिंगच्या वैदबुवाले नेऊन दे. म्हातारा त्याले एक दिवस म्हने, "पाला तुले समजते, पोथी समजत नाई. पोथी संस्कृतात हाये. शाळेतून शिकून ये, मंग तुले माह्यापाशी बसवतो." तवापासून पोट्टं त्या एका शब्दावर जगून राह्यलं होतं.

शाळेत हेडमास्तर टेबलापाशी रजिस्टर घेऊन बसले होते. आमच्या आंधी मंगरूळपीरचे एक दुकानदार होते, शेरवानीवाले. इचारल्याबरोबर म्हनले, "फारसी." एकच शब्द. त्यायच्या मांगून एक कोटवाले वकील, ते म्हनले, "संस्कृत." तो बी एकच शब्द. दोघंबी मंग बाकावर टेकले.

मंग आमी. हेडमास्तरनं टाक दौतीत बुडवला अन् सादं इचारलं, "काय लिहू? संस्कृत, फारसी, की मराठी?"

कोनी हसलं नोतं, हे मी आज शपथ घेऊन सांगतो. पन वकील माह्या पायाकडं पाहून राह्यले होते. पायाले काळी माती, आंगठ्याले चिंधी बांधेल. मले वाटलं, आता हे हसतीन. अन् माही जलमाची खोड अशी का कोनी माह्यावर हसाच्या आंधी मीच त्याले हसवतो. चावडीवर, लगनात, असाच निभलो मी.

"गुरुजी," मी म्हनलं, "आमच्या घरात बैल हाकलन्यापुरती बोली हाये. संस्कृत आनलं तं बैल दावं तोडून पयतीन!"

सारे हसले. वकिलानं तं पोट धरलं. हेडमास्तर बी हसले अन् म्हनले, "मग मराठीच बरी." लिवलं. शाई पुढं केली, मी आंगठा उठवला.

राजेहो, तवा मी खुश होतो. वकिलाले हसवलं म्हनून! मांगं वळून पाह्यलं तं पोट्टं खाली पाहून उभं. बाप बोलत असतानी पोरानं चार मानसात तोंड उघडू नाई, हे मीच त्याले शिकवेल. त्याचा एक शब्द त्यानं माह्या तोंडात ठेवला होता.

येतानी तो माह्या लय पुढं चालला. मी येडा, गावात आल्यावर चावडीवर बी तोच किस्सा सांगतला. तिथंबी हसले. तो घोंगडं घेऊन वावरात रातच्या जागलीले निंगून गेला, जेवला नाई.

दुसऱ्या रोजी मी एकटाच वाशीमले गेलो. रस्ता तीन जनायले इचारला.

"गुरुजी, कालचं खोडा. संस्कृत लिवा."

हेडमास्तरनं रजिस्टर उघडून पाह्यलं. "काल विचारलं तेव्हा तुम्ही थट्टा केली. संस्कृतच्या वर्गात जागा उरली नाही आता. मुलगा एक शब्द बोलला असता, तर मी लिहिलं असतं."

"तो माह्यापुढं कसा बोलन, जी?"

त्यायनं रजिस्टर मिटलं. मी घरची वाट धरली.

परत आलो तं पोट्टं धुऱ्यावर बसलं होतं, बाजूले रिकामी टोपली. मी सारं सांगतलं, जसं झालं तसं. म्हनलं, "उद्या दोघं जाऊ. मी हेडमास्तरच्या पाया पडतो."

तो उठला, टोपली उचलली.

"मी एकटा जाईन. तुमी घरीच बसा, बाबा. तुमाले तोंड आवरत नाई."