साहेबांच्या आईची भाषा

इकडे आखातात, रुसैलच्या कारखान्यात, माझे साहेब स्कॉटलंडचे, पश्चिमेकडच्या एका बेटावरचे. त्यांची आई तिथे वृद्धाश्रमात होती. म्हातारपणात ती इंग्रजी विसरली आणि लहानपणची गेलिक तेवढी तोंडात उरली. साहेबांना गेलिक येत नव्हती. शाळेत त्या भाषेवरून पोरांना हिणवत, म्हणून आईनेच मुलाशी इंग्रजी धरली होती.

पण त्या भाषेच्या नावांचा विषय काढा, साहेबांचा चहा गार व्हायचा. एके काळी 'स्कॉटिश' म्हणजे गेलिकच. पुढे सखल भागातल्या लोकांनी ते नाव आपल्या इंग्रजी वळणाच्या बोलीला लावलं, आणि डोंगरातल्या, बेटांवरच्या लोकांची भाषा 'आयरिश' ठरवली. त्यांच्या उच्चारात 'आयरिश'चं झालं 'अर्स'. जुन्या इंग्रजी पुस्तकांतही तेच नाव.

"म्हणजे आपल्याच देशात आम्ही परकी भाषा बोलणारे," साहेब म्हणायचे.

मला हे समजावून सांगायची गरजच नव्हती. मी रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचा मुसलमान. घरी आम्ही आमची कोकणातली मराठी बोलतो. तरी पुण्या-मुंबईचे सहकारी कौतुकाने विचारतात, "मराठी छान आहे हो तुमचं. घरी उर्दूच ना?" तळपायाची आग मस्तकात जाते. वर हसावंही लागतं.

साहेब जेवणाच्या सुट्टीत रोज आईला फोन लावत. आई एकच वाक्य विचारायची. जेवलास का, असं ती विचारत असावी, ही त्यांची समजूत. आई दुसरं काय विचारणार? कुणाला अर्थ विचारायची त्यांना लाज वाटायची. येणाऱ्या चार शब्दांतला 'होय' ते म्हणत. तिकडून परत तेच वाक्य. परत होय.

हिवाळ्यात आई गेली. साहेब तिला पुरून परत आले, इथल्या अरबीत 'यल्ला', चला, म्हणत कामाला लागले. आठवड्याभराने, गोदामाच्या सावलीत उभं असताना, आपणहून बोलले. दफनानंतर त्यांनी ते वाक्य तिथल्या शेजारणीला म्हणून दाखवलं होतं. त्याचा अर्थ, तू कुणाचा? अनोळखी पोर दिसलं की बेटावरची म्हातारी माणसं नाव विचारत नाहीत, हे विचारतात.

"ती मला ओळख विचारत होती आणि मी होय म्हणत होतो," साहेब म्हणाले. "तुझाच, एवढंच म्हणायचं होतं."

आमच्या गावातही म्हातारी माणसं नेमकं हेच विचारतात. साहेबांना ते सांगायचा मला धीर झाला नाही.

शुक्रवारी गावाहून आईचा व्हिडिओ कॉल आला. हल्ली तिला नीट दिसत नाही आणि माणसंही चटकन ओळखू येत नाहीत. फोन माझ्या मुलीने उचलला. ती इथल्याच शाळेत वाढलेली, मैत्रिणींशी सगळं इंग्रजीत; आमची बोली तिला जेमतेम.

"कुनाची गो तू?" आईने विचारलं.

"हां दादी, हां," मुलगी गोड हसून म्हणाली आणि फोन माझ्यापुढे धरला.

मला तो हातात घेववेना. पडद्यावर आई डोळे बारीक करून बघत होती. तिने पुन्हा विचारलं.