गार्गीच्या खांद्यावरचा निळा डाग

इथले अनुभव मी आजवर जेवणाच्या सुट्टीत करमणूक म्हणून वाचत आलो. वाचायचो, हसायचो, ग्रुपवर फॉरवर्ड करायचो. करणी, बाधा, भूत यातलं मी काही मानत नव्हतो, आणि आजही "मानतो" म्हणायला जीभ वळत नाही. पण आमच्या घरात जे घडलं त्याला दोन दिवाळ्या उलटल्या तरी ते डोक्यातून जात नाही... म्हणून लिहितोय. नावं बदलली आहेत, बाकी जसं झालं तसं.

मी सातपूरला एका कंपनीत टूलरूममध्ये आहे. राहायला अशोकनगरला रो-हाऊस. घरात बायको स्मिता आणि मुलगी गार्गी, तेव्हा सहावीत. लाकडाचा मला पहिल्यापासून नाद. जुन्या खुर्च्या, पाट, देव्हारे घ्यायचे आणि गच्चीवर बसून नीट करायचे. सेकंड शिफ्ट असली की सकाळ मोकळीच असते.

त्या वर्षी दसऱ्यानंतर एका ओळखीतून नामपूरचे एक काका आले. फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालेले. त्यांच्या पणजोबांपासूनची एक जुनी लष्करी रायफल घरात होती. रीतसर निकामी केलेली, नळी बंद, कागदपत्रं व्यवस्थित. ती दिवाणखान्यात काचेच्या कपाटात लावायची होती. लोखंडी भाग त्यांनी घरीच ठेवला होता, माझ्याकडे आणला फक्त लाकडी दस्ता, धोतराच्या जुन्या पानात गुंडाळलेला. अक्रोडाचं लाकूड. पण तेल, धूर आणि हातांचा मळ बसून कोळशासारखं काळं झालेलं, जागोजागी पोचे.

"मशीन नका लावू," काका म्हणाले. "हातानंच करा. घाई नाय."

मलाही तेच हवं होतं. ते गेल्यावर गार्गीने दस्ता उचलून खांद्याला लावला, एक डोळा मिटून मोगऱ्याच्या कुंडीवर नेम धरला आणि हसत सुटली. मीही हसलो. कुठल्याही घरात झालं असतं तेवढंच.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेल्यावर मी काम सुरू केलं. पोच्यांवर ओलं फडकं ठेवून वरून गरम इस्त्री टेकवायची, वाफेने दबलेलं लाकूड फुगून वर येतं. मग वरचा काळा थर हळूहळू खरवडायचा आणि तळहाताने जवसाचं तेल जिरवायचं. घासून घासून हात गरम होतो तेव्हा तेल आत जातं. वेळ कसा जातो कळत नाही. पण या कामात मला काही केल्या बसवत नव्हतं. पाच मिनिटं बसलो की उठायचो, कठड्यापर्यंत जायचो, खाली रस्त्यावर बघायचो, परत यायचो. कोणाची तरी वाट बघतोय असं वाटायचं. चहा जास्त झाला असेल, म्हटलं.

दुपारी शाळेतून स्मिताला फोन आला. कबड्डीच्या तासाला टी-शर्ट बदलताना बाईंना गार्गीच्या उजव्या खांद्याच्या खळीत मोठा काळानिळा डाग दिसला होता. पडलीस का, कोणी मारलं का, विचारलं तर म्हणे काही नाही झालं. बाईंनी स्मिताला अगदी सौम्यपणे विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हीही विचारलं. गार्गी वैतागली. "अगं, दुखत नाहीये मला. आधी कान गच्च झाले आणि मग कोणीतरी ढकलल्यासारखं वाटलं. मागे बघितलं तर कोणीच नव्हतं."

स्मिता एका दवाखान्यात रिसेप्शनला आहे. तिथल्या डॉक्टरांनी तपासलं, रक्त तपासलं, सगळं नॉर्मल. डाग पिवळा पडायला लागला. मग मला पुन्हा सकाळी वेळ मिळाला, मी दस्ता हातात घेतला, आणि डाग पुन्हा निळा. असं होत राहिलं. तेव्हा मी या दोन गोष्टी जोडल्याच नव्हत्या. कोण जोडेल? स्मिताच्या लक्षात मात्र एवढं आलं होतं की मी सकाळी घरी असतो त्याच दिवशी डाग ताजा दिसतो.

रविवारी काका काम बघायला आले. गार्गी बिनबाह्यांच्या फ्रॉकमध्ये पाणी घेऊन आली. काकांनी पेला घेतला आणि तसाच हातात धरून ठेवला. तिच्या खांद्याकडे बघत ते एकदम आपल्या अहिराणीत बोलले, "हाऊ तं बंदूकना धक्का शे, भाऊ."

बंदुकीचा धक्का? मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"नव्या रंगरूटाला पहिल्या फायरिंगला असंच होतं," ते म्हणाले. "दस्त्याची मागची बट खांद्यात घट्ट दाबून नाय धरली की धक्का बसतो, मांस काळं पडतं. चाळीस पोरं पाहिली मी अशी. हिनं बंदूक कुठं चालवली?"

"कुठेच नाही," मी म्हणालो आणि विषय बदलला.

स्मिता दारात उभी राहून ऐकत होती. काका गेल्यावर ती गच्चीवर गेली, दस्ता घेऊन आली आणि त्याचं मागचं रुंद टोक गार्गीच्या डागावर अलगद टेकवलं. वरून गोल, खाली निमुळतं. डागाची कड आणि लाकडाची कड एक झाली. तसूभरही फरक नाही.

तिने दस्ता खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. लग्नाला चौदा वर्षं झाली होती. तसं तिने माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं.

"तुला मला काही सांगायचंय का?"

"काय सांगू?"

"काहीही. मी ऐकून घेईन."

"स्मिता, मी तिच्यावर कधी हात तरी उगारलाय का?"

"मी कुठे तसं म्हटलं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दिवाळीची सुट्टी लागली आणि ती गार्गीला घेऊन मनमाडला माहेरी गेली. नेहमी आम्ही भाऊबीजेला जायचो. मी बसस्टँडवर सोडायला निघालो तर म्हणाली, रिक्षाने जातो आम्ही.

रिकाम्या घरात मला चैन पडेना. टीव्ही लावायचो, बंद करायचो. या खोलीतून त्या खोलीत. मनमाडला फोन केला की सासरे उचलायचे, "बरी आहे, खेळतेय" एवढंच सांगायचे. शेवटी हाताला काहीतरी हवं म्हणून एका सकाळी गच्चीवर जाऊन तेल चोळायला बसलो. अर्ध्या दस्त्याचा काळा थर गेला होता, आतून मधासारख्या रेषा दिसत होत्या. इतकं सुंदर लाकूड मी पाहिलं नव्हतं.

जेवायच्या वेळेला स्मिताचा फोन आला.

"सकाळी तू काय करत होतास?"

"दस्त्याला तेल लावत होतो. का?"

"मी गार्गीची वेणी घालत होते. माझ्या हातात तिचे केस होते... आणि ती खांद्यातून मागे ढकलली गेली. माझ्या अंगावर आली. आणि डाग उठला. माझ्या डोळ्यांसमोर उठला."

मी तेलाच्या हातानेच जिन्यात बसलो.

दोन दिवस मी गच्चीचं दार उघडलं नाही. तिकडे डाग फिका पडत गेला. मग स्मिता म्हणाली, "अजून एकदा कर. कधी करणार ते मला सांगू नकोस."

"वेडी आहेस का? तिला त्रास होईल."

"ती म्हणते दुखत नाही. मला दुखतंय. मला कळलंच पाहिजे."

मी नाही म्हटलं. ती फोनवर रडायला लागली. तिचं ते रडणं कशासाठी होतं हे मला कळत होतं. पुढच्या दिवशी दुपारी मी वर गेलो. नुसता तळहात टेकवला आणि एकदाच, वरून खाली फिरवला. हात पुसायच्या आत फोन वाजला.

"बस," ती म्हणाली. "बस कर. कळलं."

दस्ता त्याच धोतराच्या पानात गुंडाळला आणि बाईकवरून तडक नामपूर गाठलं. रस्त्यात कुठे थांबलो नाही. काकांना सगळं सांगितलं. हसतील किंवा चिडतील असं वाटलं होतं. त्यांनी दस्त्याच्या उजळलेल्या भागावर हात फिरवला नाही, नुसतं बघितलं.

"पोरगी घाबरली का?"

"नाही. आम्ही घाबरलो."

"हां." त्यांनी धोतराचं पान परत दस्त्यावर ओढलं. "आमच्या घरात एवढी वर्षं होता. कोणाला काय झालं नाय. पण एवढं चोळलं पण नव्हतं त्याला कोणी." मग त्यांनी तो उचलला आणि लोखंडी भाग होता त्या खोलीत न नेता पलीकडे गोठ्याच्या माळ्यावर ठेवला. पैसे देत होते, मी घेतले नाहीत.

तिथून मी थेट मनमाडला गेलो. स्मिताने दार उघडलं. "जेवलास का?" एवढंच विचारलं आणि ताट वाढलं. त्या दिवसांत तिच्या मनात माझ्याबद्दल काय होतं, हे तिने कधी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

गार्गी आता आठवीत आहे. डाग पुन्हा कधी आला नाही. एका मित्राने सांगितलं की मनावर परिणाम होऊन असे डाग उठतात. उठत असतील. पण मनमाडला बसलेल्या मुलीला मी अशोकनगरच्या गच्चीवर कधी हात फिरवतो ते कसं कळणार? इथे कोणाला माहीत असेल तर जरूर सांगा.

लाकूडकाम मी सोडलेलं नाही. सध्या शेजारच्यांचा पाळणा घेतलाय. फक्त कुठलीही जुनी वस्तू आली की गार्गी खाली स्मिताजवळ असताना गच्चीवर पहिल्यांदा एकदाच हात फिरवतो आणि स्मिताला फोन लावतो. ती कामात असते, पण उचलते. मी काही विचारत नाही, तीही का फोन केला म्हणत नाही. "ठीक आहे," म्हणते आणि ठेवते.

मग मी कामाला बसतो.