पाळी आहे, बाई

आमच्या कॉलेजनं मला मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर केलं ते माझ्या आवाजामुळे. ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. मी वर्गात ओरडले की शेजारच्या वर्गातली पोरंही गप्प बसायची. एवढ्या भांडवलावर दुसऱ्यांच्या लेकी सांभाळायला दिल्या मला! वर्षभर मी नुसती खेकसत होते. शेवटी प्राचार्यांनी मला रेक्टरांच्या प्रशिक्षण शिबिराला धाडलं. तिथल्या एका बाईंनी सांगितलं, मुलींना उलटतपासणी नको असते, विश्वास हवा असतो, उगाच खोदून विचारू नका. मला ते इतकं पटलं की मी अगदी बदलूनच परत आले. निदान माझा तसा समज होता.

आमच्याकडे दिवेलागणीला हॉलमध्ये प्रार्थना व्हायची आणि हजेरीही तिथेच. हॉलमध्ये देवांच्या तसबिरी, म्हणून पाळी आलेली मुलगी प्रार्थनेला बसत नसे. तिनं आधी येऊन मला हळूच सांगायचं आणि मी तिची हजेरी लावून टाकायची, हा रिवाज माझ्या आधीपासूनचा. तो बरा की वाईट याचा विचार तेव्हा माझ्या मनाला शिवला नाही.

त्या वर्षी सुरगाण्याकडच्या एका पाड्यावरून एक मुलगी आली होती. घरातली पहिलीच कॉलेजात आलेली. वसतिगृहातली जागा गेली असती तर तिचं शिक्षण तिथंच संपलं असतं, कारण नाशिकात तिचं कुणी नव्हतं. एका दुपारी ती माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली.

"बाई, आज पाळी हे माझी."

शिबिरात शिकवल्याप्रमाणे मी आवाज खाली आणला. "बरं बरं, जा तू. मला कळतं. चारचौघींत बोलत बसू नकोस."

तिचा चेहरा असा काही खुलला की मला माझंच कौतुक वाटलं. बघा, नुसतं गोड बोललं तर मुली कशा जवळ येतात.

थोड्या दिवसांनी ती पुन्हा आली, तेच वाक्य घेऊन. मग पुन्हा. कधी तर एकाच आठवड्यात दोनदा. मी प्रत्येक वेळी जा म्हणायची आणि हजेरी लावायची. असतं एखादीचं तसं, असं मनाशी म्हणायचं की झालं. प्राचार्यांना तर मी तोंड वर करून सांगितलं की मुली आता माझ्यापाशी मन मोकळं करतात.

मग एका संध्याकाळी अंधार पडल्यावर आमच्या संस्थेच्या सेक्रेटरींनी तिला सातपूरच्या बसमधून उतरताना पाहिलं. दुसऱ्या दिवशी तिला आणि मला वसतिगृह समितीपुढे बोलावणं आलं. मी डोक्यात राख घालूनच गेले. माझ्या विश्वासाचं हे फळ दिलं होय कार्टीनं, असं मनात चाललेलं.

तिथं कळलं ते असं. सातपूरला, कारखान्यांच्या वस्तीत, एका लहानशा वर्कशॉपात ती पाकिटं भरायला जात होती. काम फार आलं की मालक तिला दुपारच्या पाळीला बोलवायचा. वसतिगृहातल्या मुलीनं नोकरी करायची नाही आणि अंधाराच्या आत परत यायचं, असे नियम होते. ते मोडले की नाव कमी.

"चोरून जात होतीस?" प्राचार्यांनी विचारलं.

"नाय सर. बाईंना सांगून जायची. पाळी हे म्हणून दर बारीला सांगितलं. बाई म्हणल्या, जा, कुणाला बोलू नको."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. त्यांच्या पाड्यावर त्या दिवसांना बाहेर बसणं म्हणत, हे मला पुढे कळलं. पाळी हा शब्द तिनं उचलला होता तो वर्कशॉपातून.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. नाही म्हणावं तर पोरगी खोटी ठरणार आणि आजच बोचकं बांधून निघणार. हो म्हणावं तर तेही खरं नव्हतं. खरं काय घडलं ते सांगायचं, तर तो शब्द त्याच्या बायकी अर्थानं समितीतल्या पुरुषांच्या देखत उच्चारायला हवा होता. आमच्या घरी तो नवऱ्यापुढेही कुणी काढत नसे, अडचण आहे एवढंच म्हणायचं. वर्गाच्या भिंती हादरवणारी मी, पदराचं टोक पिळत उभी होते.

"ती खरं बोलतेय," मी म्हटलं. "तिनं कामाची पाळी सांगितली. मी मासिक पाळी समजले."

सेक्रेटरी चष्मा काढून पुसायला लागले. एक सभासद खिडकीबाहेर बघत बसले. प्राचार्य घाईघाईनं म्हणाले, "ठीक आहे, ठीक आहे. गैरसमज झाला. मुलीनं काम बंद करावं, नाव राहू द्या. चला, पुढचा विषय घ्या." त्या अवघडलेपणातून सुटायला त्यांनी तिची जागा वाचवली, नियमांचं कुणी नावही काढलं नाही.

व्हरांड्यात आल्यावर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, पण आतून थोडा अभिमानही होता, खोटं का बोला. लाज गिळून का होईना, पोरगी वाचवली होती. तिनं आभार मानावेत अशी माझी अपेक्षा होती.

ती माझ्याकडे टक लावून बघत होती. रागानं नाही. तिला खरंच कळत नव्हतं.

"बाई, तुम्हाला वाटलं, मला महिन्यातून इतक्या बारीला तसं होतंय?"

"हो ग."

"मग एकदा तरी मला दवाखान्यात का नाय नेलं?"