दुसऱ्या पडद्यावरचा निंबा

सुरतेतल्या बमरोलीच्या एका छपाई कारखान्यात हिलाल साड्यांच्या डिझाइनी काढायचा. माणूस इतका सरळ, की खोटं बोलायचं म्हटलं की आधी त्याचे कान लाल व्हायचे. अशा माणसानं १९९९च्या श्रावणात सख्ख्या आईला फसवायचं ठरवलं.

पाच वर्षांपूर्वी, प्लेगच्या साली, अर्धं सुरत गाड्यांना लोंबकळून पळालं, तेव्हा त्याचा थोरला भाऊ निंबाही अमळनेरला जायला निघाला. गाडीत चढलेला लोकांनी पाहिला, उतरलेला कुणी पाहिला नाही. पण दर श्रावणात कानबाई देवीच्या सणाला, रोटांच्या नैवेद्यासाठी घरातल्या माणसागणिक मूठ मूठ गहू काढताना आई, सखुबाई, निंबाची मूठ चुकवत नसे. “मूठ पडस तोवर मना निंबा जित्ता शे,” म्हणायची.

निंबाची बायको सुमन अजून तिशीचीही नव्हती. तिच्या भावानं पाट लावायला, म्हणजे दुसऱ्या लग्नासाठी, चांगलं स्थळ आणलं होतं आणि तिचंही मन होतं. पण जित्या नवऱ्याची बायको सासू दुसऱ्याला देईल कशी? यंदाही मूठ पडली, तर ते स्थळ हातचं जाणार होतं. वहिनीचं उतरलेलं तोंड हिलालला बघवत नव्हतं.

त्याच्या जुन्या कॉम्प्युटरला मालकानं दोन पडदे जोडून दिले होते. एकावर डिझाइन, दुसऱ्यावर रंगांच्या पेट्या. डावा पडदा नव्या ग्राफिक्स कार्डावर चालायचा. उजव्यासाठी भंगारातल्या मशीनचं जुनं कार्ड काढून आत खोचलेलं. त्या म्हाताऱ्या कार्डाला मोजकेच रंग यायचे. डावीकडची लालभडक साडी माऊसनं उजवीकडे ओढली, की राखेत लोळवल्यासारखी दिसायची. हिलालनं आदल्या दिवशी निंबाचा फोटो ओढून पाहिला, मग स्वतःचा. दोघंही राखेचे झाले. त्यावरूनच त्याला ही युक्ती सुचली.

दुपारी मालक बाजारात गेल्यावर त्यानं आईला कारखान्यात आणलं. डाव्या पडद्यावर निंबा हसत होता. “माय, जो जगात नाही, तो त्या पडद्यावर राखेचा होतो,” हिलाल म्हणाला आणि कान लाल व्हायच्या आत त्यानं फोटो ओढला. कड ओलांडताना अर्धा चेहरा गोरा अन् अर्धा राखाडी असा दिसला, मग सगळाच विझला. डोळ्यांच्या जागी दोन काळे डाग उरले.

सखुबाई रडली नाही. पडद्याकडे बघतच म्हणाली, “आते तुना फोटू तठे ने.”

हिलालनं माऊसवरचा हात काढून घेतला. आता आपलं बिंग फुटणार! “माझा कशाला, माय?”

“ने म्हनस ना!”

सांगून टाकावं, पाय धरावेत, असं त्याच्या मनात आलं. पण आईची नजर हटेना. त्यानं स्वतःचा फोटो ओढला.

तो राखेचा झाला नाही. विझलेल्या निंबाशेजारी हिलाल जसाच्या तसा उभा राहिला. निळा शर्ट, कपाळावरचा टिळा, ओठांवरची लाली, सगळं ताजं. जुन्या कार्डाला कधी न आलेले रंग. त्यानं फोटो डावीकडे नेला, परत उजवीकडे आणला. तेच. निंबाचा नेऊन आणला. राख. मशीनचा पंखा तेवढा घरघरत होता.

“गया मना निंबा,” सखुबाई हळूच म्हणाली. “सुमनना भाऊले सांगी दे, पाट लाव म्हना. औंदा त्यानी मूठ काढाव नही.”

जे हवं होतं ते झालं होतं. पण हिलाल खुर्चीतून उठेना. आईला सांगायला त्यानं मरण रचलं खरं, पण स्वतः कधी मानलं नव्हतं. अजूनही स्टेशनावरून जाताना तो उतरणाऱ्या गर्दीत दादाची चाल शोधायचा. “दादा!” म्हणून तो ओरडला आणि लहान पोरासारखा रडू लागला. सखुबाईनं त्याचं डोकं पोटाशी धरलं आणि ती लेकाची समजूत घालत राहिली.